घोडा फारोचा, गाढव राजाचं

अब्राहामाच्या मालमत्तेची यादी बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे: मेंढरं, गुरं, गाढवं, उंट, दासदासी. ईयोबाची यादी तर आकड्यांनिशी दिली आहे. 7000 मेंढरं, 3000 उंट, बैलांच्या 500 जोड्या, 500 गाढवी. पूर्वेकडच्या सगळ्या लोकांत हा थोर, असं त्याच्याबद्दल म्हटलंय, आणि त्याच्या दावणीला एकही घोडा नाही.

घोडा पहिल्यांदा भेटतो तो उत्पत्तीच्या 47व्या अध्यायात, मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये. तिथल्या राजाला फारो म्हणत. दुष्काळ पडलाय, लोकांकडचा पैसा संपलाय. धान्याच्या बदल्यात ते आपली जनावरं फारोचा कारभारी योसेफ याच्या हवाली करतात, आणि त्या जनावरांत पहिलं नाव येतं घोड्यांचं. म्हणजे आल्या आल्या घोडा सरकारजमा झाला. पुढे या ग्रंथांत तो जिथे जिथे दिसतो तिथे बहुतेक वेळा असाच दिसतो, कुठल्या ना कुठल्या सत्तेच्या पागेत.

आपली अडचण अशी की मराठी वाचक घोड्याकडे आधीपासूनच प्रेमाने बघत असतो. चौकातला अश्वारूढ पुतळा, जेजुरीचा खंडोबा, वरातीतला नवरदेव. घोडा म्हणजे शौर्य, ऐट, शुभकार्य. ही चित्रं डोक्यात ठेवून यहुदी आणि ख्रिस्ती शास्त्रं उघडली की घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. त्यापेक्षा डोळ्यांपुढे रणगाडा आणावा. आजच्या इस्राएली सैन्याच्या रणगाड्याचं नावच 'मेर्कावा' आहे, आणि हिब्रूत मेर्कावा म्हणजे रथ. त्या काळी घोडा काही नांगराला जुंपत नसत. शेतीला बैल, ओझ्याला गाढव, वाळवंटाच्या वाटेला उंट. घोडा जव खायचा, मोतद्दार मागायचा आणि मुख्यतः एकाच कामाला यायचा, लढाईला. असलं जनावर साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते पोसायचं तर राजा हवा, कर हवा, तबेले हवेत.

त्यात भूगोलाची भर. इस्राएलचे वंश राहायचे डोंगरात, आणि रथ चालतो सपाटीवर. 'शास्ते' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात कबुली आहे की यहूदा वंशाने डोंगराळ मुलूख घेतला, पण खोऱ्यातल्या लोकांना हुसकावता आलं नाही, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. शत्रूंनाही हे ठाऊक होतं. अरामी राजाचे सल्लागार त्याला सांगतात, 'त्यांचे देव डोंगरांचे देव आहेत, आपण त्यांना सपाटीवर गाठू.' घोड्याबद्दलचा सगळा संशय या चढउतारातून आलेला आहे. खालून वर बघणाऱ्याला रथ सुंदर वाटत असेल, पण ज्याच्यावर तो चालून येणार असतो त्याला त्याची चाकं दिसतात.

समुद्राकाठचं गाणं हे अशाच लोकांचं. निर्गमच्या 14व्या अध्यायात फारो 600 निवडक रथ घेऊन पळून चाललेल्या इस्राएली गुलामांचा पाठलाग करतो. रथांची चाकं अडतात, पाणी परततं. मग 15व्या अध्यायात मोशे आणि लोक गातात, मिर्याम डफ घेऊन नाचते, आणि दोघांच्या गाण्यात एकच ओळ येते: घोडा आणि स्वार, दोघांना त्याने समुद्रात भिरकावलं. हे गाणं हिब्रूतल्या सगळ्यात जुन्या काव्यांपैकी आहे, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे. तसं असेल तर या परंपरेच्या अगदी जुन्या आठवणीतच घोडा आहे, आणि तो बुडतो आहे.

अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे मोठे भाष्यकार होऊन गेले. त्यांना इथे एक गमतीदार शंका आली. आधीच्या साथीत मिसरी लोकांची गुरंढोरं मेली होती, मग रथांना हे घोडे आले कुठून? जुन्या परंपरेच्या आधाराने त्यांनी दिलेलं उत्तर असं: देवाच्या शब्दाला भिऊन ज्या मिसऱ्यांनी आपली जनावरं वेळीच घरात घेतली होती, त्यांचेच हे घोडे. भाविकांनी वाचवलेली जनावरं शेवटी सैन्याच्याच कामी आली.

राजाने किती घोडे ठेवावेत

बायबलमध्ये 'अनुवाद' नावाचं नियमांचं पुस्तक आहे, त्याच्या 17व्या अध्यायात राजासाठी नियम आहेत. त्याने घोड्यांची संख्या वाढवू नये, घोड्यांसाठी लोकांना पुन्हा मिसरला पाठवू नये, पुष्कळ बायका करू नयेत, सोन्याचांदीचा साठा करू नये. बायका आणि सोनं समजतं, पण यादीत पहिला घोडा का? कारण घोडे मिळायचे मिसरमध्ये, आणि मिसर म्हणजे वेठबिगारी. जिथून सुटून आलात त्याच दारात घोड्यासाठी उभे राहू नका, असा त्याचा अर्थ.

मग दावीदाचा मुलगा शलमोन राजा येतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 10वा अध्याय त्याचं वैभव सांगतो: वर्षाला 666 किक्कार (वजनाचं एक मोठं माप) सोनं, 1400 रथ, 12,000 घोडेस्वार. मिसरहून आणलेला रथ 600 शेकेल चांदीला आणि घोडा 150 शेकेलला. शेकेल साधारण 11 ग्रॅमचा धरला तर एका घोड्यामागे दीड किलोहून जास्त चांदी. पुढच्या अध्यायात 700 राण्या आणि 300 उपपत्नी. सोनं, घोडे, बायका: अनुवादने ज्या तीन गोष्टी वर्ज्य सांगितल्या त्या तिन्ही, ओळीने. घोड्यांवर आणि सोन्यावर लेखक टीकेचा एक शब्दही खर्चत नाही, फक्त हिशेब मांडतो. मला या सगळ्या इतिहासग्रंथांतली ही सर्वांत धारदार पानं वाटतात. (तबेल्यातल्या ठाणांचा आकडा एका ठिकाणी 40,000 आहे तर इतिहासाच्या पुस्तकात 4000. नकलकाराचा हात कुठेतरी घसरला असावा.)

मगिद्दो इथे शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात खांबांच्या रांगा आणि दगडी गव्हाणी असलेल्या इमारती सापडल्या, तेव्हा 'शलमोनाचे तबेले' म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. नंतर त्यांचा काळ पुढचा ठरला आणि ते तबेले की कोठारं, यावरही वाद झाला. तबेले असतील तर शलमोनानंतरच्या अहाब या इस्राएली राजाच्या काळाशी त्यांचं नातं जास्त जुळतं. इ.स.पू. 853च्या कर्करच्या लढाईची नोंद असलेल्या अश्शूरी शिलालेखात अहाबाच्या नावावर 2000 रथ आहेत. आकडा फुगवलेला असेलही.

पण शास्त्रकाराला अहाबाची दुसरीच गोष्ट सांगायची आहे. दुष्काळाचं तिसरं वर्ष आहे, राजधानी शोमरोनात उपासमार आहे. राजा आपल्या कारभाऱ्याला घेऊन देशभर पाण्याच्या जागा शोधत फिरतो. कशासाठी? घोडे आणि खेचरं जगतील एवढं गवत कुठे मिळतंय का, ते बघायला. माणसांचा उल्लेखही नाही.

संदेष्ट्यांचा सूर यातूनच येतो. यशया म्हणतो, मदतीसाठी मिसरला धावणाऱ्यांनो, मिसरी हे माणूस आहेत, देव नव्हेत, आणि त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नव्हेत. त्याच्याच काळात, इ.स.पू. 701 मध्ये, अश्शूरच्या सैन्याने यरुशलेमला वेढा दिला. त्यांचा सरदार तटाखाली उभा राहून ओरडतो: 'मी तुम्हाला 2000 घोडे देतो, बसायला माणसं आहेत का तुमच्याकडे?' शत्रूने उडवलेली ही खिल्ली ग्रंथात जशीच्या तशी जपून ठेवली आहे. स्तोत्रांत तर एका ठिकाणी थेट म्हटलंय की सुटकेसाठी घोडा ही खोटी आशा आहे. मूळ हिब्रू शब्द 'शेकेर', म्हणजे फसवणूक. मोशेनंतरचा नेता यहोशवा याला देवाने शत्रूच्या घोड्यांच्या धोंडशिरा तोडायला सांगितलं, ते आपल्याला क्रूर वाटतं, आणि आहेच. पण त्यामागचा विचार असा की पकडलेला रणगाडा आपल्या सैन्यात सामील करायचा नाही, तो निकामी करायचा. दावीदानेही तेच केलं, मात्र शंभर रथांपुरते घोडे राखून ठेवले. इथूनच सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही. त्याचा मुलगा अबशालोम बंडाआधी रथ, घोडे आणि पुढे धावायला 50 माणसं ठेवतो.

तरीही डोळे दिपतातच

याचा अर्थ असा नव्हे की या लोकांना घोड्याचं रूप दिसत नव्हतं. ईयोबाच्या 39व्या अध्यायात देव स्वतः घोड्याचं वर्णन करतो, आणि ते वर्णन झपाटलेल्या माणसाचं वाटतं. त्याच्या मानेत मेघगर्जना आहे, तो खुरांनी जमीन उकरतो, भात्यातले बाण त्याच्या अंगावर खळखळतात, रणशिंग वाजलं की तो 'आहा!' म्हणतो आणि दुरूनच त्याला लढाईचा वास येतो. शास्त्यांच्या पुस्तकातल्या दबोराच्या गाण्यात, शत्रूचा सेनापती सीसरा याचे 900 लोखंडी रथ कीशोन नदीपाशी हरले तिथे, पळणाऱ्या घोड्यांसाठी शब्द आहेत 'मिद्दहरोत दहरोत'. मोठ्याने म्हणून बघा, टापा ऐकू येतात.

गीतरत्नात प्रियकर प्रेयसीला म्हणतो, 'फारोच्या रथांमधल्या घोडीसारखी तू.' आजच्या मुलीला हे ऐकवलं तर काय होईल ते सांगायला नको. पण यात एक खोच आहे. मिसरी रथांना सहसा नर घोडे जुंपायचे. थुटमोस तिसरा या फारोचा सैनिक अमेनेमहेब याच्या थडग्यातल्या लेखात एक प्रसंग आहे: कादेशच्या राजाने मिसरी सैन्यापुढे मुद्दाम एक घोडी सोडली, घोडे बिथरतील म्हणून, आणि अमेनेमहेबने तिच्यामागे धावत जाऊन तिला मारलं. म्हणजे प्रियकराचं म्हणणं असं की तू आलीस की अख्ख्या फौजेची शिस्त मोडते. हे कळल्यावर ती उपमा जरा वेगळी लागते.

तल्मूद या यहुदी धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मात्र घोड्याला फार भाव दिला नाही. पेसाहीम या भागात घोड्याचे सहा गुण मोजले आहेत: कामुक, युद्धाची आवड, गर्विष्ठ, झोपेचा तिटकारा, खातो फार, टाकतो थोडं. आणि शेवटी, कुणी कुणी म्हणतात, लढाईत मालकालाच मारायला बघतो.

आगीचे घोडे आणि अलिबाग

फार थोड्या ठिकाणी घोडा सरळ देवाच्या बाजूने येतो, त्यांतली एक म्हणजे एलीया या संदेष्ट्याची गोष्ट. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा बोलत चालले असताना आगीचा रथ आणि आगीचे घोडे दोघांच्या मधून जातात आणि एलीया वावटळीतून वर जातो. नीट वाचलं तर तो रथात बसला असं मूळ मजकूर म्हणतच नाही. रथ फक्त त्यांना वेगळं करतो. चित्रकारांनी त्याला रथात बसवला.

अलीशा ओरडतो, 'बाबा, बाबा, इस्राएलचे रथ आणि त्याचे स्वार!' पहिल्यांदा वाटतं की तो समोर दिसलं ते सांगतोय. पण पुढे 13व्या अध्यायात अलीशा स्वतः मरणाच्या दारी असताना राजा योवाश त्याच्या उशाशी रडत हेच शब्द उच्चारतो, आणि तिथे आगीचा रथ नाही. मग अर्थ उलगडतो: देशाचं खरं सैन्य तूच होतास. त्याच अध्यायात काही ओळी आधी सांगितलंय की योवाशाच्या बापाकडे अरामी लढायांनंतर उरले होते 50 स्वार आणि 10 रथ. अहाबाच्या दोन हजारांवरून दहावर.

आणि ही गोष्ट कोकणात आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, त्यांची घरची भाषा मराठी आणि त्यांचा लाडका संदेष्टा एलियाहू हनाबी, म्हणजे हाच एलीया. नवस फेडायला, मंगलकार्याला ते मलिदा करतात: पोहे, खोबरं, गोड आणि फळं, आणि एलियाहूची आळवणी. अलिबागजवळ खंडाळे इथे 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणून एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापेच्या, अशी श्रद्धा आहे. पुष्कळ बेने इस्राएल घरांच्या भिंतीवर रथातल्या एलियाहूचं चित्र असायचं. मूळ मजकुरात रथ कुठेच टेकत नाही, कोकणात मात्र तो खडकावर उमटलाय.

गाढवावरचा राजा

आता गाढव. मराठीत गाढवावर बसवतात ते धिंड काढायला, आणि म्हणून झावळ्यांच्या रविवारची गोष्ट आपण चुकीच्या चालीत ऐकतो. येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला म्हणजे त्याने अपमान पत्करला, असं काहीतरी. प्राचीन इस्राएलात गाढव हे प्रतिष्ठिताचं वाहन होतं. शास्त्यांच्या पुस्तकात याईरचे तीस मुलगे तीस गाढवांवर बसतात, आणि ते मिरवायला सांगितलंय. शलमोनाचा राज्याभिषेकही दावीदाच्या खेचरावरून झाला, घोड्यावरून नव्हे.

जखऱ्या या संदेष्ट्याच्या पुस्तकात (9:9) सियोनकन्येला, म्हणजे यरुशलेमला, सांगितलं जातं: पाहा, तुझा राजा येतोय, नम्र, गाढवावर बसलेला. लोक इथेच थांबतात. पुढची ओळ महत्त्वाची आहे: मी एफ्राइमातून रथ आणि यरुशलेमातून घोडा नाहीसा करीन, युद्धाचं धनुष्य मोडेन. गाढव म्हणजे गरिबी नव्हे, ते निःशस्त्रीकरण आहे. पागा रिकामी करून आलेला राजा. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने ही भविष्यवाणी इतकी मनावर घेतली की त्याच्या वर्णनात गाढवी आणि शिंगरू अशी दोन्ही जनावरं आहेत. हिब्रू काव्य एकच गोष्ट दोनदा सांगतं, त्यातून हे झालं असं बरेच अभ्यासक मानतात. चारही शुभवर्तमानांत मिळून 'घोडा' हा शब्द एकदाही येत नाही. पौल दिमिष्काच्या वाटेवर घोड्यावरून पडला हे आपल्या डोळ्यांसमोर असतं ते काराव्हाज्जोसारख्या चित्रकारांमुळे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल नुसता जमिनीवर पडतो.

घोड्यांवर राज्य करणाऱ्यांना हे गाढव आपल्यासारखंच खटकायचं. तल्मूदात इराणचा राजा शापूर शमुएल या विद्वानाला म्हणतो, 'तुमचा मशीहा (म्हणजे येणारा तारणारा) गाढवावर येणार म्हणता? माझ्याकडे देखणा घोडा आहे, तो पाठवतो.' शमुएल उत्तरतो, 'शंभर रंगांचा आहे का तुझ्याकडे?'

चार रंग

रंगांचे घोडे जखऱ्यातच आधी येतात, इ.स.पू. 519च्या सुमारास, इराणी साम्राज्याच्या काळात. तांबडे, पांढरे घोडे जगभर गस्त घालून येतात आणि अहवाल देतात की सगळीकडे शांतता आहे. देवदूताला हे ऐकून बरं वाटत नाही. तो विचारतो, यरुशलेमवर दया कधी करणार? साम्राज्याची शांतता आणि चिरडलेल्या गावाची शांतता एक नसते, हे त्याला कळतं.

पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमच्या छायेत लिहिलेल्या प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, योहान हेच घोडे उचलतो आणि गस्तीवाल्यांचे संहारक करतो. पांढऱ्यावर धनुष्यधारी, मुकुट घातलेला. तांबड्यावर मोठी तलवार. काळ्यावर तराजू. चौथ्याचा रंग ग्रीकमध्ये 'क्लोरोस'. क्लोरोफिलमधला तोच शब्द. मराठीत 'फिकट' म्हणतात, पण तो खरं तर हिरवट रंग आहे, आजारी माणसाच्या चेहऱ्याचा. त्याच्या स्वाराचं नाव मृत्यू.

पांढऱ्या घोड्याचा स्वार कोण, यावर जुना वाद आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसला तो ख्रिस्त वाटला. पुष्कळ आधुनिक अभ्यासकांना तो विजयाची हाव वाटतो, आणि धनुष्य पाहून रोमच्या पूर्व सीमेवरचे पार्थियन घोडेस्वार आठवतात. मला दुसरं पटतं, कारण मागून येणारे तिघे त्याचीच पिल्लावळ आहेत: स्वारी, मग कत्तल, मग महागाई, मग मरण.

काळ्या घोड्यापाशी आवाज येतो: एका दिनाराला एक माप गहू, किंवा तीन मापं जव, आणि तेल नि द्राक्षारस यांना धक्का लावू नका. दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. एक माप गहू म्हणजे एका माणसाचं दिवसाचं खाणं. दिवसभर राबून एकट्याचं पोट भरेल. बायकापोरं असतील तर जवावर भागवायचं. आणि तेल-द्राक्षारस शाबूत. अख्ख्या प्रकटीकरणात श्वापदं, शिंगं, गंधक आहे, पण मला घाबरवतो तो हा बाजारभाव.

19व्या अध्यायात पुन्हा पांढरा घोडा येतो, आणि या वेळी त्यावर ख्रिस्त असतो. गाढवावरून आलेला राजा शेवटी घोड्यावर बसला, असं म्हणून पुढच्या काळात अनेकांनी तलवारी उपसल्या. मजकूर मात्र दोन खोडे घालून ठेवतो. तलवार त्याच्या हातात नाही, तोंडातून निघते, म्हणजे शब्द. आणि त्याचा झगा रक्ताने माखलेला आहे, लढाई सुरू होण्याच्या आधीच. ते रक्त कुणाचं, यावर दोन मतं आहेत. शत्रूंचं म्हणणाऱ्यांच्या बाजूने यशया आहे. त्याचं स्वतःचं म्हणणाऱ्यांच्या बाजूने याच पुस्तकातला वधलेला कोकरू.

जखऱ्याचं एक राहिलं. त्याच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी घोडा परत येतो, गळ्यात घुंगरं घालून. त्या दिवशी घोड्यांच्या घुंगरांवर लिहिलेलं असेल: 'परमेश्वराकरता पवित्र.' हेच शब्द महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर कोरलेले असायचे. आणि लगेच पुढे म्हटलंय, यरुशलेमातल्या घराघरातलं स्वयंपाकाचं भांडंही तसंच पवित्र होईल.